जेवण निवडायचा साधा फॉर्म

३ नोव्हेंबर, सोमवार. ब्योब्लिंगेन
पाचलाच अंधार. ऑफिसात नवीन काम मिळालं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणारी एक संस्था आहे, त्यांची वेबसाइट. उद्याचं जेवण निवडा, बटण दाबा, झालं. साध्या एचटीएमएलमध्ये सहज होईल. टीमलीड योर्न म्हणतो फ्रेमवर्कच, म्हणजे तयार कोडचा मोठा सांगाडा, बाकीच्या प्रोजेक्टसारखा. एवढ्याशा फॉर्मला? पण मी कोण सांगणार. प्रोबेत्साइट, म्हणजे जर्मन नोकरीतला चाचणीकाळ, डिसेंबरअखेर संपते. तोवर नोकरी कच्ची, आणि व्हिसा नोकरीवर.

५ नोव्हें., बुध.
मीटिंग. योर्नने विचारलं, "कुणाची हरकत?" मी गप्प. चार लोकांत मोठ्यांचं बोलणं खोडायचं नाही, मागाहून एकटं गाठून सांगायचं, हे हाडात मुरलंय. धरणाच्या वसाहतीत शाळा नव्हती, चौथीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. गुरुजी आणि वडील एकच. उलट बोलायची सोयच...
नंतर योर्नच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. चिडला नाही, तेच वाईट. "हे तिथे का नाही बोललीस? आता ठरलं."
इथे गप्प बसणं म्हणजे होकार.

६ नोव्हें.
शेजारच्या टेबलावरचा केदार, पुण्याचा. कँटीनमध्ये म्हणाला, "बाई गं, फ्रेमवर्क देतायत तर घे ना. बायोडेटात काय लिहिणार, गृहकृत्यदक्ष एचटीएमएल?" हसले. त्याचंही खोटं नाही. फ्रेमवर्क मला येतं, आवडतंही.

११ नोव्हें., मंगळ.
नमुना तयार. माझ्या लॅपटॉपवर देखणा. संस्थेच्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, यांनी एक जुना टॅबलेट दिलाय, बऱ्याच घरांत असलेच आहेत म्हणे. त्यावर उघडलं. पांढरं. पुन्हा उघडलं. पांढरंच. सगळं पान फ्रेमवर्कची स्क्रिप्ट रंगवते, जुन्या ब्राउझरात ती अडली की काहीच नाही.
योर्न: "बरं, जुन्या ब्राउझरचं नंतर बघू."
नंतर म्हणजे कधी?

१६ नोव्हें., रवि.
बाबांना नमुन्याची लिंक पाठवली. काही सांगितलं नाही. त्यांचा फोनही जुनाच.
"काही दिसत नाही गं. थांब, चष्मा लावतो." मग जरा वेळाने, "माझंच काहीतरी चुकत असेल."
"नाही हो बाबा."
"तू केलंयस ना? मग बरोबरच असणार. जेवलीस का?"
हो म्हणाले. खोटं.
इथल्या घरांतली माणसंही असंच म्हणतील. तक्रार कुणी करणार नाही. आणि जेवण येणार नाही.

१७ नोव्हें.
साधा फॉर्म लिहिला. टॅबलेटवर उघडला. दिसायला गरीब, पण चालतो. योर्नला न विचारता केला, तेही खुपतंय. बुधवारी फ्राऊ केलर येणार. केदार म्हणतो, "तिच्यासमोर त्याला तोंडघशी पाडू नकोस." आधी एकट्याला सांगावं म्हणून योर्नला मेसेज केला. उत्तर नाही.

१९ नोव्हें., बुध.
योर्नने लॅपटॉपवर दाखवलं. फ्राऊ केलर खूश. मग त्याने विचारलं, "कुणाची हरकत?" हात वर केला. टॅबलेट फ्राऊ केलरपुढे सरकवला, कसंबसं म्हटलं, "हेच यावर उघडा ना."
त्यांनी बोट लावलं. पान पांढरं. वाट पाहिली. पुन्हा लावलं. मग ओशाळून हसल्या. "माफ करा, मीच काहीतरी चुकीचं दाबलं बहुतेक."
"नाही," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही." आणि माझा साधा फॉर्म उघडून दिला.
योर्न काहीच बोलला नाही. बाहेर जाताना दारात थांबून फक्त एवढंच, "उद्या सकाळी माझ्या खोलीत ये."
त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला अजून लावता येत नाही. बाबांचा फोन येऊन गेला, उचलला नाही.