साडेसातऐवजी सहा

मी, एल्सबेथ झुरफ्लू, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कै. वेर्नर झुरफ्लू यांची पत्नी, राहणार लांगमोस, कॅन्टन बर्न, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. आमच्या कायद्याला माझे हस्ताक्षर पुरते, साक्षीदार लागत नाहीत. तरी दोघांना बोलावणार आहे, कारण या गावात दोघांनी पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असे कोणी धरत नाही. माझे दीर ख्रिस्टियान यांना बोलावणार नाही. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला बसू नये. ते यावरही रागावतील, पण तीन वर्षे ते रागावलेलेच आहेत.

१. घर, गोठा आणि मागचे कुरण झुरफ्लूंच्या घराण्यातून आले, ते घराण्यातच जावे. आम्हाला मूलबाळ नाही. सर्व ख्रिस्टियान यांच्या मुलींना समान वाटून द्यावे. भांडायचेच असेल तर त्यांनी स्वयंपाकघरात भांडावे, तिथे थंडी कमी असते.

२. बँकेतील ठेवीतून माझा अंत्यविधी आणि नंतरचे जेवण करावे. बटाट्याचे सॅलड ताजे असावे, वेर्नरच्या वेळी ते आदल्या दिवशीचे होते. उरलेली रक्कम गावच्या वृद्धाश्रमाला द्यावी.

३. अक्रोडाच्या केकचा साचा शेजारच्या रोझमारीला. तो गेली सहा वर्षे तिच्याकडेच आहे, म्हणजे तिला नवे काही मिळत नाही आणि ती साक्षीला बसू शकते.

४. वेर्नरचे नेमबाजीचे बिल्ले काचेच्या कपाटात आहेत, ते नेमबाजी मंडळाला. माझे चमच्यांच्या खणात आहेत. कोणी मागितले तर द्यावेत.

५. आता रायफलीबद्दल. ही वेर्नरची, तीनशे मीटरवरच्या स्पर्धांची. आम्ही दोघे तीच वापरायचो, आधी तो, मग मी. तिला साडेसात मिलिमीटरचे काडतूस लागे, त्याच्या वडिलांनी लष्करात वापरले तेच. प्रत्येक गोळीला दस्ता खांद्यात घुसायचा. रविवारी रात्री मी मलम चोळायची आणि सोमवारी दुधाची किटली डाव्या हाताने उचलायची. चाप ओढण्याआधीच अंग चोरायची, त्यामुळे गोळी भलतीकडे जायची. वेर्नर म्हणायचा, "खांद्याला सवय होते." तो वाईट नव्हता. त्याने कधी आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त आमच्या घरात पडद्यांपासून काडतुसांपर्यंत सगळे त्याच्या मनासारखे असे, आणि ते तसे आहे हे माझ्या ध्यानातही येत नसे.

शेवटच्या आजारात त्याने माझा हात धरून सांगितले की रायफलीची नळी झिजली आहे, नवी बसव, पण साडेसातचीच. मी शब्द दिला.

तो गेल्यावर रायफल घेऊन बंदुकांचे कारागीर ट्राक्सेल यांच्याकडे गेले ती शब्द पाळायलाच. त्यांनी नळीतून पाहिले आणि विचारले, "आता ही कोण चालवणार?" मी म्हटले, मी. असे मी पहिल्यांदाच म्हटले.

"मग साडेसात कशाला? सहाची नळी घ्या, एल्सबेथबाई. तीनशे मीटरला ती तितकीच नेमकी मारते. गोळी हलकी, दारू कमी, धक्का निम्मासुद्धा नाही. नळी तेवढी लवकर झिजेल."

माझ्या वयाला पुरेल, असे मी म्हणाले. शब्द मोडायला मला एवढाच वेळ लागला.

नवी नळी बसल्यावर पहिल्या सकाळी मंडळाच्या मैदानावर मी चटईवर पालथी पडले, चाप ओढला आणि फटक्याची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. गोळी लक्ष्याच्या मधोमध, दहाच्या घरात गेली होती. मी दस्त्यावर गाल टेकून हमसून हमसून रडले. लोकांना वाटले, नवऱ्याची आठवण आली. कोणी कॉफी आणली. ख्रिस्टियान माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले, पाठीवर हात ठेवला आणि तेही रडले. मी कोणालाही खरे सांगितले नाही. मग आठवण म्हणून मला द्यायला त्यांनी काडतुसाचे रिकामे टरफल उचलले. ते साडेसातच्या टरफलापेक्षा आखूड होते. त्यांनी ते बोटांत फिरवून पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊ गेला आणि तुझा खांदा हलका झाला, वहिनी."

तेव्हापासून त्यांनी बोलणे टाकले. मी त्यांना दोष देत नाही, कारण ते खरेच बोलले. त्या वर्षी मी जन्मात मिळवले नव्हते इतके गुण मिळवले आणि घरी आल्यावर वेर्नरच्या खुर्चीकडे मला बघवेना. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडून मी सुखी झाले, याची मला लाज वाटते. एकदा साडेसातची नळी बसवून घ्यायला निघालेही होते, पण बस आली तरी चढले नाही.

६. म्हणून सहाच्या नळीची ही रायफल ख्रिस्टियान यांना द्यावी. तिला पुढे कोणती नळी असावी ते त्यांनी ठरवावे. वकिलांनी पुढील मजकूर त्यांना वाचून दाखवावा: भाऊजी, त्या सकाळी तुम्ही भावासाठी रडलात. मी रडले ती फटका बसला नाही म्हणून. तुमचे सांत्वन मी खोटेपणाने घेतले. मला क्षमा करा.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वाचून पाहिले, मान्य आहे.

एल्सबेथ झुरफ्लू
लांगमोस, ३ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार: नीकलाउस ट्राक्सेल, बंदूक कारागीर
साक्षीदार: रोझमारी विट्श्वी, शेजारीण

पुरवणी. सही करण्याआधी ट्राक्सेल यांनी सहावे कलम वाचले आणि विचारले, "हे वकिलाच्या तोंडून ऐकवणार तुम्ही?" काल मी ख्रिस्टियान यांच्या घरी गेले आणि कोटही न काढता दारातच तो मजकूर म्हणून टाकला.

ख्रिस्टियान यांनी दार पूर्ण उघडले. मग म्हणाले, "मी भावासाठी रडलो हे तुला कोणी सांगितलं? लहानपणापासून मी नेम धरला की वेर्नर चुका काढायला माझ्या मागे उभा. त्या दिवशी पहिल्यांदाच मागे कोणी नव्हतं, आणि मला मोकळं वाटलं. मला ते नुसतं वाटलं तरी पाप वाटलं, वहिनी, आणि तू नळीच बदलून आलीस."

मी कोट काढला. आम्ही दोघे पुष्कळ वेळ बसलो.

सबब सहाव्या कलमातील वाचून दाखवायचा मजकूर मी रद्द करत आहे. रायफल त्यांनाच मिळावी. माझ्या मरणाची वाट पाहायची गरज नाही, शनिवारी ते ती चालवून बघणार आहेत.

एल्सबेथ झुरफ्लू
लांगमोस, ५ ऑक्टोबर २०२३