एकुलता एक गॉडफादर

६ ऑगस्ट, बुधवार
नवी वही. खाडाखोड करायची नाही, असं ठरवलं आहे.

आज सरिताअक्काचा कुवेतहून फोन आला. तिच्या तान्ह्या बाळीचा बाप्तिस्मा डिसेंबरात, जोएल भावजींच्या गावी, फिलिपाइन्सला. प्रशांत, म्हणजे मी, गॉडफादर होईल का, असं भावजींनी विचारायला सांगितलंय म्हणाली. ती पुढेही काही सांगत होती, पण मी हो म्हटलं आणि फोन आईकडे दिला.

गॉडफादर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आमच्यात एका लेकराला गॉडफादर एकच. आईबापांचं काही बरंवाईट झालं तर लेकरू त्याच्या पदरात. लग्न होईपर्यंत, आणि लग्नातसुद्धा, त्याचा मान. अक्का लग्नानंतर एकदाच धारवाडला आली आहे, तेही चार दिवस. आता यावंच लागेल. पोरीला तिचा गॉडफादर दाखवायला नको?

शेजारच्या अंबूताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, गॉडफादर म्हणजे तो दारू-मटक्यावाला डॉन असतो तसला का रे? तुझ्या छातीला शोभत नाही बघ. बसून नीट समजावून सांगितलं. त्यांनी तोवर शेंगा सोलून घेतल्या माझ्याकडून.

संकल्प : नखं खाणं आजपासून बंद. गॉडफादरला शोभत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरना भेटलो. त्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, तुझं कन्फर्मेशन कधी झालं?

झालेलं नाही. बिशपांकडून कपाळाला तेल लावून घेऊन बाप्तिस्मा पक्का करायचा, तो हा विधी. नववीत असताना कुणीतरी सांगितलं होतं की बिशप अचानक कुणालाही उठवून प्रश्न विचारतात. त्या रविवारी मला ताप आला. खरोखरच आला होता. पुढे पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वेळीही तसाच आला.

कन्फर्मेशन नसेल तर गॉडफादर होता येत नाही. नियम आहे. बिशप नोव्हेंबरात येणार आहेत, तोवर दर रविवारी वर्गाला बसायचं. फादर म्हणाले, वर्गात मुलं जरा लहान आहेत, चालेल ना? मी म्हटलं, मला कसली लाज.

७ सप्टेंबर, रविवार
सगळी आठवीची आहेत.

बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागतात. पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून सांगितलं, अंकल, तो पंखा नाही, पलीकडचा बिघडलाय. मी पंखा दुरुस्त करायला आलो नाही, हे लीला टीचरनी सगळ्या वर्गाला सांगितलं. त्यापेक्षा पंखा दुरुस्त केला असता तर बरं झालं असतं.

पवित्र आत्म्याची सात वरदानं पाठ करायला दिली आहेत. माझा अभ्यास या पोरांपेक्षा आधी होईल, यात शंका नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
पाचवं वरदान आठवलं नाही. पंख्यावालीला सगळी येत होती. तिने मला ओठांनी पाचवं सांगायचा प्रयत्न केला, पण मी कॉपी करत नाही.

मुळात प्रेसमध्ये काम फार आहे. कोप्पीकर रोडवर आमच्या प्रेससारखी प्रुफं कुठेच तपासली जात नाहीत. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिकांत डोकं घातल्यावर वरदानं कुठे राहणार? सुधींद्र अण्णा, आमचे मालक, मला पुटपुटताना बघून म्हणाले, काय रे, स्वामी होतोस की काय? झालास तर आधी दिवाळीची कामं संपवून हो.

२८ सप्टेंबर, रविवार
व्हिडिओ कॉल. बाळी दिसली. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. नंतर अक्का म्हणाली ती दिव्याकडे बघत होती, पण दिवा माझ्या बाजूला होता हे अक्काला माहीत नाही.

भावजींनी माझ्या शर्टाचं माप मागितलं. एवढं कुणाला सुचतं? आपल्याकडे मेव्हण्याला रुमालही देत नाहीत. मी कॉलर, छाती, बाही, सगळं टेलरकडून मोजून पाठवलं. ते म्हणाले, नुसतं मीडियम की लार्ज तेवढं सांगा.

एक गोष्ट खटकली. भावजींचं कन्फर्मेशन म्हणे दुसरीत असतानाच झालं. त्यांच्या गावी सगळ्यांचं तसंच होतं. सात वर्षांच्या पोराला काय कळणार? त्यांची वरदानं पाठ आहेत का, हे विचारणार होतो. अक्का मध्येच म्हणाली, तू एवढं टेन्शन घेऊ नको रे, तिकडे तसं नसतं. तिला मला काही समजावून सांगायचं होतं, पण रेंज गेली. (रेंज होती. मला वर्गाला उशीर होत होता.)

५ ऑक्टोबर, रविवार
कन्फर्मेशनच्या वेळी मागे उभं राहायला मलाही एक गॉडफादर लागतो. बाप्तिस्म्याचाच असला तर उत्तम, असं फादर म्हणाले.

माझा गॉडफादर म्हणजे अळणावरचा तुकाराममामा. आईचा मावसभाऊ, लाकडाच्या वखारीत कामाला. आजवर त्याने मला एक छत्री दिली आहे, तीही लेडीज. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी येतो, जेवतो, पेंगतो, जातो. बाबा गेले तेव्हा आला तो महिनाभर राहिला. बोलला काहीच नाही, नुसता पाणी भरायचा. गॉडफादर कसा नसावा हे मी त्याच्याकडून शिकलो. मी पोरीशी बोलणार, तिचं इंग्लिश शुद्धलेखन घेणार, रोज.

फादर आज विषय सोडून बोलले. ते रोममध्ये शिकायला होते. राखेच्या बुधवारी, आपल्याकडे कपाळावर राखेचा क्रूस काढतात म्हणून, कपाळ पुढे करून उभे राहिले, तर तिथल्या पाद्र्याने राख डोक्यावर भुरभुरली आणि पुढच्याला बोलावलं. हे दिवसभर आरशात कपाळ बघताहेत, क्रूस कुठे गेला म्हणून. चर्च तेच, प्रार्थना त्याच, पण घरोघरची रीत वेगळी, म्हणाले. हसलो. याचा माझ्याशी काय संबंध होता, कळलं नाही.

मामाला फोन केला. तो म्हणाला, येतो की. फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार
बाप्तिस्म्याची मेणबत्ती घेतली. गॉडफादरनेच द्यायची असते. जाड, पांढरी, हातभर उंच. प्रेसमध्ये सोनेरी अक्षरांत नाव छापून वरच्या टोकाला, एकाखाली एक शब्द, चिकटवलं : मारिया क्रिस्टेल जॉय. चारदा तपासलं.

स्वतः जाण्याचा विचार सोडला. पासपोर्ट नाही, आणि विमानात खिडकी उघडता येत नाही म्हणतात. अक्का म्हणाली, काळजी नको, तुझ्या जागी कुणीतरी उभं राहील. म्हणजे नावापुरतं. मेणबत्ती पाठवू का विचारलं, तर नको म्हणाली, तिकडे ढीगभर असतात. संकोची आहे. लहानपणीही कुणाकडे पाणीसुद्धा मागायची नाही. मेणबत्ती कपाटात ठेवली. उन्हाळ्यात पोर येईल तेव्हा तिच्या हातात देईन.

नखं : उजवा हात पूर्ण बंद. डाव्याचं अजून बघतो आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
झालं!

बिशपांनी कुणालाही काहीही विचारलं नाही. वरदानं सातही तयार होती. कपाळाला तेल लावलं, नाव घेतलं, पुढचा.

मामा पहाटेच्या गाडीने आला. अंगाला लाकडाच्या भुशाचा वास. रीतीप्रमाणे त्याने मागे उभं राहून माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवायचा होता. ठेवला. हात आहे की ओंडका? शिवाय तेल लावून झाल्यावर काढायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. मी बाकावर येऊन बसेपर्यंत तसाच. पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली. मुलं हसली. माझे पाय लटपटत होते म्हणून त्याने धरलं, असं आईचं म्हणणं. पाय लटपटत नव्हते.

सर्टिफिकेटचा फोटो काढून लगेच अक्काला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

१३ डिसेंबर, शनिवार
उद्या बाप्तिस्मा. तिकडे अकरा, इकडे साडेआठ. प्रेसमधल्या विशालने टीव्हीला मोबाईल जोडून दिला. अंबूताई, सुधींद्र अण्णा आणि लीला टीचर यांना नाश्त्याला बोलावलं आहे. माझं नाव पुकारतील तेव्हा मी उभा राहणार. कोट अण्णांचा आहे. बाह्या जरा लांब, पण नखं झाकली जातात.

मामाला मी बोलावलं नव्हतं. आईने परस्पर सांगितलं. आजच आला. पेंगतो आहे.

१४ डिसेंबर, रविवार
नीट लिहितो.

चर्च दिसलं. आपल्यासारखंच. तीच वेदी, तीच येशूची मूर्ती. अक्काच्या हातात पोर. पाद्री काहीतरी बोलले, भावजींच्या भावाने मोबाईलमागून इंग्लिशमध्ये सांगितलं, आता गॉडफादर-गॉडमदर उभे राहतील. मी इकडे उभा राहिलो.

तिकडे सगळं चर्च उभं राहिलं.

आधी वाटलं, प्रार्थना आहे. मग सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या दिसल्या. पुढचे तीन-चार बाक पूर्ण. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट, पिकलेल्या पपईसारखे. मीडियम आणि लार्ज.

अंबूताईंनी विचारलं, यातला तुझ्या जागी कुठला? शोधला. एका टोकाला एक माणूस मुठीत तीन मेणबत्त्या धरून उभा होता. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या जागी तो एकटाच, असं मोबाईलमागचा आवाज म्हणाला. मेण हातावर सांडलं म्हणून त्याने हात बदलला. त्यात एक विझली. कुणाची, ते सांगता येणार नाही.

नाव कुणाचंच पुकारलं नाही. मी बसलो. अण्णा पोहे खात म्हणाले, अवलक्की छान झालीय. आई रडत होती. मला वाटलं माझ्यासाठी. ती म्हणाली, बाई गं, माझ्या नातीला एवढी माणसं! मी आपली घाबरत होते, परक्या मुलखात कोण असेल तिला.

दुपारी अक्काचा फोन. मी विचारलं, उद्या तुम्हा दोघांचं काही झालं तर पोरीला कोण बघणार? ती हसली. एवढेजण आहेत, कुणीतरी असेलच की. हे मी तुला ऑगस्टपासून सांगतेय, तू ऐकतोस कुठे? माझ्या सर्टिफिकेटचं तिकडे काय झालं, विचारलं. तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, म्हणजे तू त्यासाठी वर्गात जाऊन बसलास? पोरांबरोबर? मला वाटलं देवाचं काही मनात आलं असेल. मी विषय बदलला.

उन्हाळ्यात येणार का, विचारलं. सुट्टीत सगळ्या गॉडफादरांच्या घरी पोरीला पाया पडायला न्यावं लागतं म्हणे. सगळे तिकडेच राहतात. त्यामुळे बघू, म्हणाली.

१६ डिसेंबर, मंगळवार
फादरना जाऊन विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, नियमाने एक किंवा दोन. पण तिकडे लेकरू म्हणजे साऱ्या गावाचं, म्हणून सारा गाव उभा राहतो. त्यात वाईट काय? मग म्हणाले, ती राखेची गोष्ट आठवते ना?

आठवते. आरशात कपाळ बघितलं. तेलाचं काही दिसत नाही.

भावजींनी एका ग्रुपमध्ये घातलं आहे. सगळे गॉडफादर. मी अर्धा तास बसून इंग्लिशमध्ये आशीर्वाद लिहिला, पाठवला. त्यावर एकामागून एक नाचरी चित्रं येत गेली आणि माझं लिहिलेलं वर सरकून गेलं. चूक एकही नव्हती.

२१ डिसेंबर, रविवार
मामा पुन्हा आला. आठवड्यात दुसऱ्यांदा. का, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी भाकऱ्या चालू असताना लाइट गेली. आईने अंधारात कपाट चाचपलं आणि मेणबत्ती लावून ताटांच्या मधे ठेवली. मी बोलणार होतो. तोवर मारिया वितळली होती. मामा त्या उजेडात सावकाश जेवला. चांगली जळते रे, म्हणाला, धूर नाही, कुठनं आणलीस?

कोप्पीकर रोडवरनं, असं सांगितलं.

लाइट आली तेव्हा फक्त जॉय उरली होती. आईने फुंकर घालून मेणबत्ती परत ठेवली, पुढच्या वेळेला होईल म्हणून.

मामाचे गुडघे धरले होते. उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. भार टाकला आणि उठला. शर्टावर पिठलं लागलं आहे. तो गेला तरी खांदा अजून दबलेला वाटतो.

डाव्या हाताची नखं संपली.