सोफ्याचं कापड आणि धाकटीचे बूट

तीर्थस्वरूप ताईंना,

सोफेवाल्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? साडूबुवांचा खोकला? दोन्ही होते तसेच असतील, असं धरून चालतो. खोक्यात आणखी काय आहे ते नंतर बघा, आधी पत्र वाचा. तुमची धाकटी बहीण गेल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेल्या नाहीत, तेव्हा मध्येच थांबवाल ही भीती नाही.

तर मी आफ्रिकेला जातोय. एकटा. सफर तिने ठरवलेली, दोघांच्या जागाही तिनेच हट्टाने धरलेल्या; हत्ती मोकळा फिरताना बघायचा, एवढंच तिचं म्हणणं. ती मध्येच निघून गेली आणि हत्ती माझ्या गळ्यात पडले. मला हत्तींचं काडीचं कौतुक नाही. जन्मभर लोकांच्या बुडाखाली कापूस भरणाऱ्या माणसाने जंगलात जाऊन करायचं काय? पण रद्द करायला फोन उचलला की मी भलतंच काहीतरी विचारून फोन ठेवून देतो. (सफरवाली बाई मला वेडा समजते. काल मी तिला विचारलं, हत्ती झोपतात केव्हा?)

तयारीचं ऐका. तिथे चिमुकल्या विमानात बसवतात, म्हणून बॅग मऊ, बिनचाकांची हवी आणि वजन अगदी बेताचं. मी म्हटलं, हयात गेली शिवण्यात, आता बॅग काय विकत आणायची? जाड कापड घेतलं, दुहेरी शिलाई मारली, आत काथ्याचा थर दिला, कोपऱ्यांना स्पंज लावला. मशीन थांबेचना. (हात रिकामे राहिले की घर खायला उठतं.) शेवटी बॅग अशी झाली की तिच्यावर तिघांनी बसून चहा प्यावा. तोलून पाहिली, तर निम्म्याहून जास्त वजन रिकाम्या बॅगेनेच खाल्लेलं. ती काट्यावरून उतरवतानाच कंबर धरली.

कपडे मातकट रंगाचे हवेत. काळे-निळे तर नकोतच, तिथल्या चावऱ्या माश्यांना ते आवडतात म्हणे. एका वकिलाच्या ऑफिसातल्या खुर्च्या मढवल्या होत्या, त्यातलं कापड उरलं होतं, थेट वाळक्या गवताच्या रंगाचं. त्याचे शर्ट-पँट शिवले. आमचा सोफाही त्याच कापडाचा आहे, हे डोक्यातच आलं नाही. कपडे घालून पाहिले, जरा टेकलो आणि डोळा लागला. विमावाला यायचा होता म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. तो आत आला आणि सरळ माझ्या मांडीवर बसला. मी ओरडलो, तो माझ्याहून मोठ्याने ओरडला. मग दोघेही पोट धरून हसलो, आणि मी सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "अगं, ऐकलंस का?" विमावाल्याने बिचाऱ्याने कागद गोळा केले. विम्याचं काही न बोलताच गेला.

लसीचं फार सांगत नाही. सुई बघून मी नर्सच्या अंगावर कोसळलो, एवढं पुरे. नर्स नेमकी तीच, धाकटीला हाताला धरून वॉर्डात फिरवणारी. तिने मला उठवलं, पाणी दिलं आणि विचारलं, त्यांच्या बुटांचं काय केलंत?

ताई, आता बुटांचं. कोरे बूट घालून जंगलात चालू नका, आधी वापरून मऊ करा, असं सफरवालीने बजावलं होतं. म्हणून धाकटी हॉस्पिटलच्या झग्याखाली बूट घालून फेऱ्या मारायची. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "मरायला टेकलेल्या बाईला बूट कसले चढवताय?" मी तुम्हाला बाहेर व्हा म्हणालो. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण तुम्ही खरोखरच निघून गेलात, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा तुम्ही नव्हतात, ह्याचं वाटतं. ती दाराकडे बघत होती.

असो. माझी काळजी नसावी. मी एकटा समर्थ आहे, सोबतीची मुळीच गरज नाही, कुणी उगाच आग्रह करू नये. साडूबुवांना नमस्कार सांगा आणि खोकल्याकडे बघायला सांगा.

तुमचा नावडता,
सोफेवाला

ता. क. दुसऱ्या जागेवर अजून धाकटीचंच नाव आहे. घरातल्याच कुणाचं घालायचं असेल तर ह्या आठवड्यात सांगा, असं सफरवाली म्हणते. सहज कळवलं.

आणखी एक ता. क. गुडघ्यांची सबब सांगू नका. तिथे जीपमधून उतरूच देत नाहीत. चालणं फक्त एका सकाळी, तेही सपाटीवर, बरोबर बंदूकवाला.

शेवटचा ता. क. आता खोक्यातला कागद बाजूला करा. तुम्हा बहिणींच्या पायाचं माप एकच. ती लहानपणी तुमच्याच चपला पळवायची, असं सांगायची. डावा बूट छान मऊ झालाय. उजवा पाय शेवटी शेवटी सुजला होता तिचा, त्यामुळे तो बूट कडकच राहिला. तेवढा तुम्ही घरात घालून फिरा.