काळोख न चढवलेली प्रत

मी, हेस्टर ग्लेनिस थर्कल, वय अठ्ठावीस, व्यवसाय जुन्या चित्रपटांच्या डिस्कसोबत येणाऱ्या पुस्तिका लिहिणे, राहणार पिट हाउस, थॉर्प लोड, लिंकनशर, हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही. अक्षर माझेच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही; तसे कारणही पडले नव्हते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ओवेन प्रॉबर्ट यांनी करावी. त्यांची ‘थिंबल लेन व्हिडिओ’ ही लहानशी कंपनी आहे. कोणाला आठवत नसलेले ब्रिटिश चित्रपट ते गोदामांतून शोधून काढतात आणि डिस्कवर आणतात. ते माझे नातेवाईक नाहीत, आणि माझ्या घरी कधी आलेले नाहीत. दोन्ही कारणांनी मला ते योग्य वाटतात.

२. घर व जमीन माझे आजोबा डेस्मंड थर्कल यांची आहे. त्यावर माझा हक्क नाही व मी तो सांगत नाही. बँकेतील माझी बचत मी आजोबांना देते. वडील गेल्यावर आणि आई दुसरे लग्न करून स्पेनला गेल्यावर त्यांनीच मला वाढवले, हे विसरून चालणार नाही. मात्र माझा मृत्यू अशा रीतीने झाला की कायद्याने त्यांना ती रक्कम घेता येणार नाही, तर तिच्यातून माझी आजी ग्लेनिस हिच्या नावाचा दगड गावच्या दफनभूमीत उभा करावा. दगडावर ‘निघून गेली’ असे शब्द नसावेत.

३. माझा चित्रपटांचा सगळा संग्रह, कॅसेट, डिस्क व त्यांची खोकी मोडू न देता, मॉरवेना ट्रूजन, राहणार कॉर्नवॉल, हिला द्यावा. आम्ही कधी भेटलो नाही. अर्ध्या रात्री टीव्हीवर एकदाच लागलेल्या चित्रपटांच्या कॅसेट आम्ही एकमेकींना पोस्टाने पाठवत असू. जुन्या चित्रपटांची चौकट किती रुंद असावी यावरून तिने माझ्याशी कित्येक वर्षे वाद घातला. संग्रह स्वीकारला म्हणजे माझे म्हणणे मान्य केले, असे समजावे.

४. स्वयंपाकघरातले बुटके मेज आजोबांकडेच राहावे. अकराव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. त्याच मेजाशी आजोबांनी मला वाचन, हिशेब, पक्ष्यांची नावे आणि चांगले वागणे शिकवले. “कुणाबद्दल वाईट बोलायचं असेल ना, तर आधी त्याच्या तोंडावर विचारायचं, पोरी. मग जगाला सांगायचं.” पोहणे तेवढे त्यांनी शिकवले नाही. खड्ड्याजवळ मी कधी एकटी गेलेली त्यांना चालत नसे. हा खड्डा म्हणजे आमच्या जुन्या वीटभट्टीसाठी माती काढून झालेला डोह. त्याचा तळ कोणी पाहिलेला नाही.

५. आता मुख्य गोष्ट.

१९७२ च्या उन्हाळ्यात आमच्या शेतावर ‘लव्हाळ्यातली वधू’ नावाच्या भयपटाचे चित्रण झाले. चित्रपट चार थिएटरांत लागला आणि बुडाला. पुढे त्याची एक धुरकट कॅसेट निघाली व तिच्यामागे आमच्यासारखे वेडे लोक तयार झाले. चित्रण संपले त्या दिवशी आजी पिवळा कोट घालून फिल्मवाल्यांच्या गाडीतून पळून गेली, असे आमच्या घरात व गावात सांगतात. माझे वडील तेव्हा दोन वर्षांचे होते. घरासमोर गाडी थांबली की ते मरेपर्यंत खिडकीशी जात.

चित्रपटात नायिका रात्री बांधावरून पळते. त्या काळी असे प्रसंग भर उन्हात चित्रित करत आणि पुढे प्रत काढताना त्यांच्यावर काळोख चढवत. कॅसेटवर त्या प्रसंगात नायिकेच्या चेहऱ्याशिवाय काहीच दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात ओवेननी मूळ निगेटिव्हवरून डिस्क काढली, आणि काळोख चढवायचा राहून गेला. रात्र लख्ख दुपारसारखी दिसू लागली. पहिली तक्रार मॉरवेनाने केली, मग इतरांनी. कंपनीने माफी मागितली, सदोष डिस्क परत मागवल्या, आणि दुरुस्त डिस्क पाठवायला सुरुवात केली. परत आलेल्या नष्ट करण्यात येत आहेत.

माझी परत करण्यापूर्वी मी ती एकदा नीट पाहिली. नायिका पळते तेव्हा तिच्या मागे, खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, एक पुरुष आणि पिवळ्या कोटातली एक बाई भट्टीच्या भिंतीआड जातात. पुरुषाचा एक पाय आखूड आहे व त्या पायात जाड तळव्याचा बूट आहे. आजोबांना लहानपणी पोलिओ झाला होता. नायिका वळून परत येते तेव्हा पुरुष भिंतीआडून एकटा येतो. कोट त्याच्या हातावर घडी घातलेला आहे.

एवढेच दिसते. यापुढचे दिसत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी ते पाहत असताना आजोबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. केव्हापासून, ते मला माहीत नाही.

“एवढा उजेड कसा गं यात?”

“कंपनीची चूक झाली, आजोबा. रात्र करायची राहून गेली.”

“मग करा म्हणावं.” ते चहा ढवळत राहिले. “परत मागितलीय ना त्यांनी? देऊन टाक. दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची नसते. शिकवलंय ना मी तुला?”

“हो, आजोबा.”

“आणि मंगळवारी माझ्याबरोबर खड्ड्यावर चल. शेवाळ फार माजलंय. होडी काढू.”

“मला पोहता येत नाही.”

“मी आहे ना, पोरी.”

त्यांचे म्हणणे मी मोडत नाही. डिस्क परत करत आहे, या मृत्युपत्रासोबत, थेट ओवेनच्या हाती पडेल अशी. ओवेन, ही नष्ट करू नका. बुधवारी दुपारपर्यंत माझा फोन आला नाही, तर ही पोलिसांना दाखवा आणि खड्डा उपसायला सांगा. मग तो प्रसंग जसा आहे तसा बाजारात आणा. त्यावर पुन्हा काळोख चढवू नका.

मी होडीत का बसते आहे, असे कोणी विचारेल. मला त्यांच्या तोंडावर विचारायचे आहे. न विचारता त्यांच्याविरुद्ध बोलणे मला जमणार नाही; तशी मी घडलेली नाही.

६. शेजारच्या डोरीन टॉइन यांना काहीही देऊ नये. आजीला गाडीत बसताना आपण पाहिले, असे त्या आयुष्यभर सांगत आल्या. मी लहान असताना चारचौघांत त्या मला म्हणाल्या होत्या, “ही पण पळणार बघा, रक्तच तसलं.” बोलावलेले नसताना सगळीकडे हजर असणे, हा त्यांचा दुसरा दोष.

७. हे कलम मी फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीत बसून लिहीत आहे, कारण मंगळवारी सकाळी गावात दोन साक्षीदार एकत्र मिळतील अशी दुसरी जागा नाही. येथे जे बोलणे झाले ते नोंदवणे मला आवश्यक वाटते.

“मृत्युपत्र?” गाडीचे चालक श्री. ब्लँचर्ड म्हणाले. “अगं, पुस्तक उशिरा परत केलं म्हणून कुणी एवढं मनाला लावून घेतं का!”

टॉइनबाई प्रेमकथांच्या फळीपाशी होत्या. “मला काय ठेवलंयस?”

“काहीच नाही. म्हणून तर तुमची सही चालते.”

“आजीवर गेलीयेस. तीही अशीच फटकळ.”

“तिला गाडीत बसताना तुम्ही खरंच पाहिलं होतं?”

“पाहिलं म्हणजे...” त्या पुस्तक उगाच उलटेपालटे करत राहिल्या. “डेस्मंड म्हणाला, गेली. मग पाहिलंच की मी.” त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. “हा डेस्मंड वल्ही घेऊन कशाला उभा आहे?”

“आम्हाला खड्ड्यावर जायचंय.”

“तुला पोहता कुठं येतं?”

“नाही येत.”

त्यांनी हातातले पुस्तक फळीवर परत ठेवले. मग त्यांनी पेन मागितले. पाकीट उद्या सकाळी पोहोचेल अशा टपालाने आजच पाठवण्याचे श्री. ब्लँचर्ड यांनी कबूल केले आहे.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. त्यात कोणावर अन्याय झाला असल्यास तो माझ्या नकळत झाला आहे.

(सही) हेस्टर ग्लेनिस थर्कल
थॉर्प लोड, लिंकनशर, मंगळवार, १४ मे २०२४

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:

१. लेस्ली ब्लँचर्ड, ग्रंथालय गाडीचालक

२. डोरीन टॉइन. आत काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. पोरगी शुद्धीत आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, तरी मी होडीत बसणार आहे. मला पोहता येतं.