किडका सिंह

४ जानेवारी

नणंदबाईंचा नवा दिवाणखाना पाहून आले. डोकं उठलं!

भिंतभर मुखवटे. "लोककला आहे हो, वहिनी. जुनी, अगदी अस्सल." अस्सल कसली — चहाच्या पाण्यात बुडवून, पॉलिश पेपरने घासून म्हातारे केलेले! मी एक उतरवून उलटा केला. मागचे खिळे लख्ख चमकत होते. "उलटं करून काय बघताय?" म्हणाली. काही नाही, म्हटलं, तुझ्या डेकोरेटरची अक्कल.

आमच्याकडे भूतबंगल्याची पाटी आहे, ती खरोखरच्या जत्रेत ऊन खाऊन विटलेली. चेंडूफेकीच्या दुकानातला पत्र्याचा विदूषकही आहे. त्याचे दात पोरांनी पाडलेत, पॉलिश पेपरने नव्हे. पण हे सांगायचं कुणाला? परतताना हे म्हणतात, "छान सजवलंय की घर." यांना सगळंच छान.

९ जानेवारी

सापडला!!

बस डेपोच्या मागे एक म्हातारे पाळणेवाले राहतात. घोड्यांचा गोल पाळणा घेऊन गावोगावच्या जत्रा करायचे. हात चालेनासे झाले तसा पाळणा मोडीत काढला, घोडेही गेले. ठेवला फक्त त्या घोड्यांमधला एकुलता लाकडी सिंह, त्यांच्या वडिलांनी स्वतः कोरून रंगवलेला. मागच्या अंगणात उभा आहे आणि त्याच्या पाठीवर टॉवेल वाळत घालतात. टॉवेल!

वडिलांनी जन्मात सिंह पाहिला नसावा. मग ओळखीतल्या कुणा रागीट माणसाचं तोंड देऊन टाकलंय — पिळदार मिशा, जाड भुवया, खाली दुहेरी हनुवटी. आयाळ मात्र अशी, की आत्ता वारा सुटलाय. बसून बसून पाठ गुळगुळीत झालीय. तिथल्या तिथे चढून बसावंसं वाटलं. चेहऱ्यावर अर्थात काही दिसू दिलं नाही.

१० जानेवारी

काल घाईत लिहिलं. आज नीट लिहिते, कारण काम झकास झालं.

हवी ती वस्तू बघायचीच नाही, हा या छंदातला पहिला धडा. मी आधी तिकिटांच्या पत्र्याच्या डब्याचं कौतुक केलं. वा, काय डबा! मग जाता जाता सिंहाकडे — "हे काय ठेवलंय?"

"बाई, तुम्ही शिकलेल्या. वडिलांचं काम आहे. चांगलं आहे का हो?"

मी टकटक केलं, नाक मुरडलं. आतून किडलाय, म्हटलं. ओबडधोबड आहे, कारागिराचा हात नाही हा. (कीड? एक भोक नाही! ठणठणीत लाकूड.) "असं होय," आजोबा म्हणाले आणि टॉवेल नीट करत राहिले. नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं मी!

आता महिनाभर तिकडे फिरकायचं नाही. वस्तूवरून मालकाचं मन उतरायला तेवढा वेळ लागतो. मग जायचं आणि उपकार केल्यासारखं उचलून आणायचं.

१३ जानेवारी

यांना सगळं सांगितलं. तर म्हणे, "त्यांना वाईट नाही का वाटलं?" वाईट! "आवडलाय म्हणून सरळ सांग आणि घेऊन ये." भाजीवाला सांगेल तो भाव देऊन वर त्याचे आभार मानणारा माणूस हा. याला मी काय समजावणार?

१६ जानेवारी

रोज मनातल्या मनात जाऊन येते. गेले नाही.

१८ जानेवारी

नणंदबाईंचा फोन. डेकोरेटरला कुठून तरी वास लागलाय — "कुठेसा एक मिशीवाला सिंह आहे म्हणे, तुम्हाला काही माहीत आहे का?" मी म्हटलं, सिंहाला मिशा असतातच, त्यात काय नवल. फोन ठेवला. तिच्या घरात गेला तर त्याच्यावर फुलदाणी ठेवेल ती बया!

खिडकीचा कोपरा रिकामा केला. यांची आरामखुर्ची गॅलरीत. "मी कुठे बसू?" सिंह बघायला उभं राहायचं असतं, म्हटलं.

२१ जानेवारी

धडा गेला खड्ड्यात. उद्या टेम्पो सांगितलाय. मागतील ते देणार.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिते — इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. रात्री डोळे मिटले की तो रागीट चेहरा समोर येतो आणि हसू फुटतं. तो कोपऱ्यात आला की मला आणखी काही नको.

२२ जानेवारी

अंगणात सिंह नव्हता. तो उभा असायचा तिथून जरा पुढे, जमीन काळी झालेली.

मला वाटलं, डेकोरेटर! आजोबांच्या सुनेला विचारलं तर ती हसून म्हणाली, "अहो बाई, तुम्हीच नाही का म्हणालात, कीड आहे म्हणून? आमच्या छताचे वासे लाकडाचे. बाळाचा पाळणासुद्धा लाकडाचा. मामंजींना झोप लागेना. परवा स्वतःच कुऱ्हाड घेतली. कुणाला हात लावू दिला नाही."

कीड दिसली का, मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"दिसली नाही बाई कुठे. पेटतही नव्हता लवकर. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच की."

आजोबांनी तिकिटांचा डबा घासूनपुसून ठेवला होता. "तुम्हाला आवडला होता ना?" पैसे घेतले नाहीत. टेम्पोवाला विचारत होता, सामान कुठाय? मी डबा मांडीवर घेऊन पुढे बसले. यांनी दार उघडलं, डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गॅलरीतली आरामखुर्ची उचलून परत कोपऱ्यात आणून ठेवली.

पुढचं आज लिहवत नाही.

२३ जानेवारी

काल निघताना आजोबा दारापर्यंत आले होते. म्हणाले, "बरं झालं बाई, तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मी जन्मभर वडिलांना मोठा कारागीर समजत होतो. गावोगाव सांगत सुटायचो." मग माझ्याकडे बघत राहिले. "खरंच नव्हतं ना हो त्यांच्या हातात काही?"

मागे ती काळी जमीन. मी काय सांगणार होते त्यांना?

"नव्हतं," मी म्हणाले.