शीट नव्हे, दामण

प्रिय बाबा,

घाईघाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल, चालवून घ्या. आज आई माझ्या याटीत बसली! मांडवीच्या किनाऱ्यावरून निघालो आणि धडधाकट परत आलो. मधे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

हो, याट. हसू नका. तुमच्या जावयाने, सुधीरने, आणि मी मिळून घेतलेली, जुनीच, एका शिडाची. तुमच्या होडीपेक्षा जेमतेम हातभर लांब असेल. पण याटीचे मालक झालात म्हणजे शब्द आलेच पाहिजेत, असं याट चालवायला शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं. डावीकडे म्हणायचं नाही, पोर्ट. उजवीकडे म्हणजे स्टारबोर्ड. आपली नाळ, होडीचं पुढचं टोक, ती बो. शिडाखालची आडवी काठी म्हणजे बूम, ती एकदा डोक्यात बसली की शब्द कायमचा पाठ होतो. सुधीरचा झाला.

सगळ्यात गंमत शीटची. मला वाटलं, शीट म्हणजे शीडच असणार, चादरीसारखं कापड. तर नाही, शीट म्हणजे शीड ओढायचा-सोडायचा दोर. म्हणजे आपली दामण की हो! मी सरांसमोरच म्हणाले, "अहो, ही तर मी लहानपणापासून धरलीय."

आणि मग मला राग आला. तुमचाच. भाट्याच्या खाडीत तुम्ही तुमच्या थोरल्या लेकाला, विनूदादाला, सुकाणूवर बसवायचात. मी मागितलं की ठरलेलं उत्तर, "तू दामण धर गो बाय. बांधायची नाय हां, हातात धरायची." मुलग्याला सुकाणू आणि मुलीला दोर, असंच ना? इतकी वर्षं मी ते मनात धरून बसले होते. तुम्हाला पत्ता तरी होता का?

म्हणून आज सुकाणूचा दांडा मी घेतला आणि दोर सुधीरच्या हातात दिला.

आईचं तर तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यापासून ती पाण्यावर आली नव्हती. किनाऱ्यावर यायची, पाय भिजवायची आणि मागे फिरायची. आज महिनाभराच्या विनवण्यांनंतर म्हणाली, "एकदाच येत्ये. भ्यायले तर परत नाव काढायचा नाय, नि ही तुझी याट पण विकून टाकायची." मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

पातळावर नारिंगी जाकीट चढवून ती सुधीरशेजारी बसली. काय दिसत होती! सुधीरला फोटो काढायचा मोह झाला. त्याने दोर खुंटीला पक्का अडकवला आणि खिशातून मोबाईल काढला. नेमका तेव्हाच भगवतीच्या डोंगराचा आडोसा संपला आणि वारा एकदम शिडावर आला. याट कलली. एका बाजूने पाणी आत येऊ लागलं.

मी ओरडले, "शीट! शीट सोड!"

आणि बाबा, आईने काय केलं असेल? वर बघितलं आणि पदर डोक्यावर ओढला! तिला वाटलं, समुद्रपक्षी शिटला. तिचं बघून सुधीरनेही वर बघितलं. मी दांडा धरून बसलेली, मला उठता येईना. माझ्या तोंडून आपोआप तुमचा शब्द निघाला, "आई, दामण!"

तिने एका झटक्यात खुंटीवरून दोर सोडवला. शीड फडफडत मोकळं झालं आणि याट सरळ झाली. आई म्हणाली, "दामण बांधतात काय कधी? जन्मभर ह्यांचा ओरडा ऐकलाय मी."

मग आम्ही तिघंही हसत सुटलो. हसता हसता मला रडू आलं, आणि मनातलं सगळं आईला सांगून टाकलं. ती माझ्यावरच डाफरली.

"खुळी काय तू? विन्याचं लक्ष नसायचं, म्हणून त्याला सुकाणूवर बसवून हे बाजूला बसायचे. हे म्हणायचे, वारा फिरला की पोरीच्या हाताला आधी कळता. दामण तिच्याकडे असली की मला घोर नाय."

बाबा, हे मला का नाही सांगितलंत? एकदा तरी सांगायचं होतंत. मी सुकाणूसाठी रुसून बसायचे, आणि तुमचा सगळा भरवसा माझ्या हातात होता.

परतताना दांडा मी सुधीरला दिला आणि दामण स्वतः धरली. डोळे मिटून बघितलं. खरंच कळतं हो बाबा, वारा हाताला आधी कळतो.

मांडवीला उतरल्यावर आईने विचारलं, "पुढल्या रविवारी किती वाजता?" याट आता विकायची नाही.

सरांसमोर मी शीट म्हणेन, परीक्षा द्यायचीय. पण आपल्या याटीत दामणच म्हणायचं, आणि ती कधीही बांधायची नाही. हे वचन. पुढल्या रविवारी आईला याट शिकवायला घेते.

तुमची दामणवाली,
सुलू