शिंदीची झाडणी

१२ जाने., सोम.
शहापूर. ट्रेनिंगचा पहिला दिवस. पत्रे बसवण्यात जन्म गेला, आता उतरवायला शिकवणार म्हणे! भातसानगरकडच्या एका जुन्या गोदामाचे सिमेंटचे पत्रे काढायचेत. ठेकेदाराची अट : ट्रेनिंग नाय तर काम नाय.
शिकवणाऱ्या मॅडम आमच्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाऊन बसते, त्रास वीस-तीस वर्षांनी होतो. मागून भागोजी, "मॅडम, आमी तीस वर्षं खाल्ली. नाष्ट्यालाच असायची." सगळे हसले. मी पण. भागोजी नि मी मुरबाडच्या शेडी जोडीनं केलेल्या, त्याला कोण गप करणार.
दाढीवर मास्क घट्ट बसत नाय, तेव्हा दाढी काढायची. भागोजीची दाढी नवसाची. तोंड बघण्यासारखं झालं.
घरी बायकोचा, सु.चा, खोकला तसाच. दवाखान्यात येईल तर शपथ. "चुलीचा धूर हाय, जाईल."

१३ जाने.
भागोजी दाढी काढून आला. गाल बाळासारखे. "देवीला सांगून आलोय, काम झालं की परत ठेवतो."
आजचं : पत्रा फोडायचा नाय, करवत लावायची नाय. पाणी मारून ओला करायचा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकात गुंडाळायचा. कोरडा झाडू बंद. आंघोळ साइटवर. आमी तर करवतीनं कापायचो, वर फुंकर मारून रेघ बघायचो.
मग मॅडम म्हणाल्या, "कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. घरी जो ते झटकतो, धुतो, त्याच्याही छातीत धूळ जाते."
चहा आला. घेतला नाय. एक विचारायचं होतं, धीर झाला नाय.

१५ जाने.
झोप नीट नाय. सारखं तेच दिवस.
लग्न नवीन. मी मुरबाडहून संध्याकाळच्या जीपनं यायचो, केसापासून चपलेपर्यंत पांढरा. सु. ओट्यावरून ओरडायची, "आलं गो बाय भूत!" तसा घरात घ्यायची नाय. कुडाच्या भिंतीकडे तोंड करून उभं करायची आणि केरसुणीनं पाठ झाडायची. आई चिडायची, नवऱ्याला केरसुणी लावतेस? मग सु.नं शिंदीच्या पात्यांची बारकी झाडणी बांधली, फक्त माझ्यासाठी. ओट्यावर खिळ्याला टांगलेली असायची. मी हललो की, "गप उभे रावा!" मानेवर मुद्दाम गुदगुल्या करायची. मी डोळे मिटून उभा. दिवसभराचं ऊन, ठेकेदाराच्या शिव्या, सगळं तिथंच उतरायचं. मग सदरा खांबाला आपटायची. धुरळा सगळा तिच्या तोंडावर.
एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाय. खरं सांगतो. आणि आता

१८ जाने., रवि.
झाडणी अजून खिळ्याला होती. आता लोखंडी रंगीत पत्र्यांची कामं, अंगावर काय नसतं, तरी सवयीनं दोन हात मारते. आज सु. नळावर गेली तेव्हा काढली. ओली केली, पिशवीत बांधली. मॅडमनं सांगितल्यासारखी, दोन पिशव्यांत.
आल्या आल्या, "अवो, माझी झाडणी कुठं गेली?"
म्हटलं, उंदरानं कुरतडली, टाकली.
"काल तर धड होती." माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं कधी जमलं नाय.

२१ जाने., बुध.
काम सुरू. पांढरा झगा, मास्क. भागोजी म्हणतो आपण चंद्रावर चाललो. दिवसभरात एक पत्रा फुटला नाय. साइटवर आंघोळ, कपडे तिथंच.
घरी सु. ओट्यावर. "न्हाऊन आलात? कुणाकडे?" हसत होती. हसता हसता खोकला. थांबेना. खांब धरून बसली.
सांगून टाकलं. धूळ, कपडे, झाडणी, सगळं. ती ऐकत होती. मग, "म्हंजे मी तुमच्या अंगावरचं इतकी वर्सं..."
जेवताना म्हणाली, "तुमाला म्हायीत होतं?"
"नाय गो. आईची शपथ."
"मग तोंड कशाला पाडता. छातीचा फोटो काढायचा तर दोघांचा काढू. मी एकटी नाय येणार."

२४ जाने., शनि.
शहापूर. दोघांचे फोटो. सु.नं निळी साडी नेसली, जसा काय स्टुडिओत फोटो. रांगेत शेजारणीला सांगत होती, ह्यांना लय धूळ लागलेय, म्हणून आणलंय.
डॉ.नी दोन्ही उजेडाला धरले. माझा बराच वेळ बघितला. "तुमचा साफ आहे."
सु.च्या फोटोवर बोट ठेवलं. इथं जरा काहीतरी दिसतंय. ठाण्याला मोठा फोटो काढा. मी कामाचं, कपड्यांचं सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. घाबरू नका म्हणाले. म्हणजे घाबरायचंच ना?
बाहेर येऊन सु. म्हणाली, "तुमचा साफ हाय. बरं झालं बाय." आणि वडापाव मागितला. माझा पण तिलाच दिला.
माझा कसा साफ? मी काय पुण्य केलंय? मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, म्हणून?

२७ जाने., मंगळ.
गोदामाचे अर्धे पत्रे उतरले. भागोजीला सांगितलं. तो माझ्या वाटणीचेही बोल्ट सोडवत राहिला. उद्या तोही बायकोला घेऊन शहापूरला जाणार.
आमचं ठाणे परवा. पहिली एसटी.
संध्याकाळी न्हाऊन, धुतले कपडे घालून घरी. सु. ओट्यावर उभी. रिकामा खिळा बघत होती. मी चपला काढल्या, काय सुचलं कुणास ठाऊक, कुडाकडे तोंड करून उभा राहिलो.
ती मागं आली. हातानंच पाठ झाडायला लागली. खांदे, मान, परत पाठ.
"बस गो. कायच नाय अंगावर."
"गप उभे रावा."